पंधरा ग्रॅमचं नवल

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो. पारा शून्याच्या आसपास असतो आणि हडसन नदीवरून येणारा वारा कानाच्या पाळ्या बधिर करतो. ऑफिसातल्या मेजवान्या, मित्रांकडचा ख्रिसमस, ३१ डिसेंबरची रात्र असे सगळे समारंभ याच दिवसांत येतात. पार्टीला निघालेल्या बायका नखशिखांत लोकरीत गुंडाळलेल्या दिसतात: जाड कोट, मफलर, टोपी, हातमोजे. पण कोटाच्या खालच्या काठाकडे नजर गेली की थबकायला होतं. तिथून बुटापर्यंत पायावर असतो एक काळसर, आरपार दिसणारा, जवळजवळ नसल्यासारखा थर. स्टॉकिंग्ज म्हणा, टाइट्स म्हणा. मुठीत धरला तर मूठ रिकामीच वाटते.

मला या थराचं फार अप्रूप आहे. पार्टीच्या पोशाखात ड्रेसचं कौतुक होतं, दागिन्यांचं होतं, फार तर बुटांचं होतं. पण त्या सगळ्यांत वजनाला सर्वांत हलकी आणि बनवायला सर्वांत अवघड वस्तू हीच. चारशे वर्षांचं यंत्रशास्त्र, विसाव्या शतकातलं उत्तम रसायनशास्त्र आणि प्रकाशाची एक सुरेख करामत तिच्यात आहे. ती काम कशी करते हे एकदा समजलं, की 'या ड्रेसवर काय घालू?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालेलं असतं.

आधी पाकिटावरच्या आकड्याकडे पाहू. दहा, पंधरा, वीस, चाळीस, साठ, शंभर असे आकडे असतात आणि पुढे डेनिअर असं लिहिलेलं असतं. हे रेशमाच्या व्यापारातून आलेलं माप आहे. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्या धाग्याचं डेनिअर. पंधरा डेनिअरचा धागा नऊ किलोमीटर लांब उलगडला तर त्याचं वजन भरेल पंधरा ग्रॅम. मुंबईत सीएसएमटी ते दादर हे रेल्वेचं अंतर साधारण तेवढंच आहे. म्हणजे सीएसएमटीच्या फलाटावर धाग्याचं टोक धरायचं, मशीद, भायखळा, परळ मागे टाकत दादरला उतरायचं, आणि एवढा सगळा धागा गोळा करून तराजूत टाकला की पारड्यात तीन चमचे साखरेइतकं वजन. या धाग्याची जाडी मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास असते. डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड असतो.

एवढ्या बारीक धाग्याचं कापड करायचं आणि ते घोट्याला, पोटरीला, गुडघ्याला सुरकुती न पडता बसवायचं, हे मागावर जमत नाही. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे सरळ रेषेत एकमेकांना ओलांडतात, त्यामुळे ते फारसं ताणत नाही. मोज्याला लागतं विणकाम, आणि ते घराघरांतल्या स्वेटरचंच. एक टाका सुईवर घ्यायचा, त्यातून धाग्याचा पुढचा फास ओढायचा, त्यातून पुढचा. प्रत्येक फास थोडासा सैल, थोडासा वाकडा. ओढला की तो सरळ होतो, सोडला की परत वाकतो. ताण सोसायची ताकद धाग्याच्या या वळणात असते. आजच्या मोज्याच्या यंत्रात जेमतेम चार इंच व्यासाचं एक नळकांडं असतं, त्याच्या कडेने सुमारे चारशे सुया उभ्या असतात, आणि त्या चारशेच्या चारशे क्रमाने वर-खाली होत गोल गोल विणत राहतात.

स्वेटर विणताना सुईवरून एक टाका निसटला की तो खालपर्यंत कसा पळतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना स्टॉकिंग का उसवतं हे वेगळं सांगायला नको. एक फास तुटला की त्याने धरून ठेवलेला शेजारचा फास मोकळा होतो, मग त्याच्या पुढचा, आणि पोटरीवर शिडीसारखी रेघ धावत जाते. तुटलेल्या जागी पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब लावतात तो याचसाठी. तो वाळला की फास जागच्या जागी चिकटतात आणि रेघ थांबते. जाळीचे मोजे मात्र असे सहसा उसवत नाहीत, कारण त्यांच्या विणीत धागे एकमेकांत तिरपे अडकवलेले असतात. एक तुटला तरी शेजारचे त्याला धरून राहतात. गर्दीच्या, नाचाच्या पार्टीला जायचं असेल तर जाळीचा मोजा हा नखरा कमी आणि शहाणपणा जास्त आहे.

हे विणकाम यंत्राने करता येईल, असं ज्याला पहिल्यांदा वाटलं तो इंग्लंडमधला एक धर्मोपदेशक होता. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावचा विल्यम ली. साल १५८९. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर पहिली एलिझाबेथ होती आणि मोज्यांची तिला भारी आवड. जुन्या इंग्रजी बखरीत एक प्रसंग नोंदवलेला आहे. तिच्या रेशमी वस्तू पाहणाऱ्या मिसेस माँटग्यू नावाच्या बाईंनी १५६० च्या सुमारास नव्या वर्षाची भेट म्हणून राणीला हाताने विणलेल्या काळ्या रेशमी मोज्यांचा जोड दिला. तो चार दिवस वापरल्यावर राणी इतकी खूश झाली की यापुढे कापडाचे मोजे घालणार नाही, असं तिने जाहीर केलं. हिवाळ्यातल्या सणाला काळे तलम मोजे घालण्याची ही आवड अशी साडेचारशे वर्षांहून जुनी, आणि तिची सुरुवात नववर्षाच्या भेटीतून झालेली!

असं असूनही लीच्या यंत्राला राणीने मक्तेदारीचा परवाना दिला नाही. हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल, ही काळजी तिला वाटली असं सांगतात. ली फ्रान्सला गेला. चौथ्या हेन्री राजाने आसरा दिला खरा, पण १६१० मध्ये हेन्रीचाच खून झाला आणि ली परक्या मुलखात हलाखीत मेला. त्याचा भाऊ यंत्रं घेऊन इंग्लंडला परतला आणि त्यातून नॉटिंगहॅमशायरचा सगळा मोजे-धंदा उभा राहिला. राणीची काळजी मात्र खोटी नव्हती. दोनशे वर्षांनी, १८११ च्या सुमारास, त्याच परिसरातल्या विणकरांनी घटलेल्या मजुरीविरुद्ध मोज्यांची यंत्रं रात्रीतून फोडायला सुरुवात केली. इतिहासात लडाइट म्हणून ओळखले जाणारे बंडखोर ते हेच. कवी बायरनने १८१२ मध्ये ब्रिटिश संसदेत केलेलं पहिलं भाषण त्यांची बाजू घेणारं होतं. यंत्र आणि रोजगार यांचं आज चाललेलं सगळं भांडण ज्या वस्तूवरून पेटलं, ती वस्तू होती पायमोजा.

यंत्र आलं, पण धागा अजून किड्याच्याच पोटातून यायचा. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बायकांचे चांगले मोजे रेशमाचे असत आणि ते रेशीम मुख्यतः जपानमधून येई. महाग, नाजूक, आणि दोन्ही देशांचे संबंध बिघडत चाललेले. याच काळात डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ लांबच लांब रेणू बनवण्याच्या मागे लागला होता. लहान रेणू एकमेकांना टोकाला टोक जोडत गेलो तर किती लांब साखळी होईल, एवढंच त्याचं कुतूहल होतं.

१९३० मध्ये त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने भांड्यातल्या चिकट वितळलेल्या पदार्थात काचेची कांडी बुडवून बाहेर ओढली तेव्हा मागून एक तार निघाली. थंड झाल्यावर ती तार ओढली तर तुटेना, उलट लांबत गेली, चकाकायला लागली आणि जास्तच चिवट झाली. कॅरोदर्स बाहेर गेलेला असताना ही मंडळी एक गोळा घेऊन त्याची तार ताणत प्रयोगशाळेच्या बोळातून पळत सुटली, असं सांगतात. त्या पळापळीत काय घडत होतं? गुंत्यासारखे पडलेले रेणू ओढल्यामुळे एका दिशेला, एकमेकांशेजारी रांगेत लागत होते आणि शेजाऱ्याला घट्ट धरत होते. आजही प्रत्येक नायलॉनचा धागा कारखान्यात असाच थंड करून कैकपट ताणला जातो. त्याची ताकद या ताणण्यातूनच येते.

हिलचा तो पदार्थ गरम पाण्यात टिकेना, म्हणून बाजूला पडला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी कॅरोदर्सच्या चमूने वेगळा घाट घातला. दोन रसायनं, दोन्हींत सहा-सहा कार्बनचे अणू, टोकाला टोक जोडलेले. हेच नायलॉन. त्याचा जनक मात्र ते बाजारात आलेलं पाहायला राहिला नाही. खोल नैराश्याने ग्रासलेल्या कॅरोदर्सने एप्रिल १९३७ मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. तो एक्केचाळीस वर्षांचा होता. ज्या धाग्याने पुढे करोडो पाय सजले त्याचं एकही स्टॉकिंग विकलं गेलेलं त्याने पाहिलं नाही, याची हुरहुर हा इतिहास वाचताना दर वेळी लागते.

१५ मे १९४० रोजी नायलॉनचे मोजे अमेरिकाभर दुकानांत आले. सव्वा डॉलरच्या आसपास एक जोड. दुकानांपुढे रांगा लागल्या आणि पहिल्या वर्षात सुमारे ६ कोटी ४० लाख जोड खपले. मग युद्ध आलं आणि सगळं नायलॉन पॅराशूटला, दोरखंडांना, विमानांच्या टायरना गेलं. मोजे मिळेनात तेव्हा बायकांनी पायांना रंग लावला आणि पोटरीच्या मागे भुवयांच्या पेन्सिलीने सरळ उभी रेघ ओढली. तेव्हाचे मोजे सपाट विणून मागे शिवलेले असत, म्हणून ती शिवण दिसणं म्हणजे मोजे असणं. आज गोल विणल्या जाणाऱ्या मोज्याला शिवणीची काही गरज उरलेली नाही, तरी पार्टीसाठी मागे काळी रेघ असलेले मोजे हौसेने घेतात. युद्ध संपल्यावर, जून १९४६ मध्ये, पिट्सबर्गला १३ हजार जोडांसाठी ४० हजार माणसांची रांग लागली होती.

हा धागा पुढे आपल्याकडेही आला. गोरेगावला आज जिथे निरलॉन नॉलेज पार्कच्या काचेच्या इमारती आहेत, तिथे एकेकाळी नायलॉनचं सूत निघत असे. पिंपरीला गरवारे नायलॉन्स होती. आपल्या आज्या-आयांनी तो धागा साडीच्या रूपात नेसला, धुतला की तासाभरात वाळते म्हणून तिचं कौतुकही केलं.

युद्धानंतरही मोजे दोनच होते, डावा आणि उजवा, आणि ते कमरेच्या पट्ट्याला चिमट्यांनी अडकवावे लागत. १९५३ च्या नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलायनातले एक गिरणीमालक ॲलन गँट आणि त्यांच्या पत्नी एथेल न्यूयॉर्कची थँक्सगिव्हिंगची मिरवणूक बघून रात्रीच्या गाडीने परत निघाले होते. एथेलबाई गरोदर होत्या. वाढत्या पोटावर तो पट्टा आणि ते चिमटे असह्य झाल्याचं त्यांनी नवऱ्याला सांगितलं आणि मोजे चड्डीलाच शिवून टाकले तर, असा विषय निघाला. १९५९ मध्ये गँट यांच्या ग्लेन रेव्हन गिरणीने 'पँटी-लेग्ज' बाजारात आणले. सणासुदीच्या प्रवासात अवघडलेल्या एका बाईच्या तक्रारीतून आजच्या टाइट्स जन्मल्या, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते. त्याच सुमारास ड्यू पाँटमध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी मूळ लांबीच्या पाचपट ताणून परत जागेवर येणारा धागा तयार केला. आपण त्याला लायक्रा म्हणून ओळखतो. गुडघ्यावर झोळ न येता टाइट्स रात्रभर नीट बसतात, ते नायलॉनसोबत विणलेल्या या थोड्याशा धाग्यामुळे.

आता ती प्रकाशाची करामत. तलम काळा मोजा हातात धरला तर फिकट, राखाडी दिसतो. पायावर चढवला की पाय मधोमध उजळ आणि दोन्ही कडांना गडद दिसतो. असा रंग कोणी दिलेला नसतो. पायाच्या मधल्या भागाकडे आपण विणीतून सरळ आत पाहतो, त्यामुळे धाग्यांमधल्या फटींतून त्वचा दिसते. कडेला पृष्ठभाग आपल्यापासून वळत जातो आणि तिथे आपली नजर विणीवर तिरपी पडते. तिरप्या नजरेला धागे एकापुढे एक येऊन फटी झाकतात. चित्रकार गोलाई दाखवण्यासाठी कडांना जी छाया देतो, ती इथे पायाच्या प्रत्येक हालचालीबरोबर आपोआप पडते. पाय रेखीव आणि सडसडीत वाटतो तो यामुळे.

ही करामत दहा ते वीस डेनिअरच्या गडद मोज्यात सर्वांत छान जमते. तीस-चाळीसच्या पुढे ती विरत जाते आणि साठाच्या वर मोजा पूर्ण झाकणारा होतो. तिथे पाय म्हणजे एकसंध काळी रेषा. दोन्ही सुंदर, पण त्यांची कामं वेगळी. चमकत्या टिकल्यांचा, जरीचा, मखमलीचा ड्रेस असेल तर पायांनी शांत राहिलेलं बरं, म्हणून बिनचमकीचा झाकणारा काळा मोजा. ड्रेस साधा काळा असेल तर तलम मोजा, मागची रेघ, ठिपक्यांची वीण किंवा बारीक चंदेरी धागा यांना जागा मिळते. दोन्हीकडे चमक झाली की डोळ्याला कुठे थांबावं ते कळत नाही. आणि बुटाचा रंग मोज्याशी मिळता ठेवला तर नजर कमरेपासून चवड्यापर्यंत न अडखळता उतरते, उंची जास्त वाटते. घोट्यावर पट्टा असलेला बूट ही रेषा मध्येच कापतो. ठेंगण्या बांध्याच्या मैत्रिणींनी तेवढं लक्षात ठेवावं.

त्वचेच्या रंगाच्या मोज्यांबद्दल जरा थांबून बोलायला हवं. दुकानांत 'त्वचेचा रंग' म्हणून जो मोजा वर्षानुवर्षे विकला गेला तो गोऱ्या त्वचेचा होता. सावळ्या, गव्हाळ पायावर तो राखेसारखा दिसतो. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमच्या नर्तिकांनी १९७० च्या दशकातच गुलाबी मोजे नाकारून स्वतःच्या वर्णाचे मोजे आणि त्याच रंगात रंगवलेले बूट घालायला सुरुवात केली. २०१४ मध्ये लंडनला ॲडे हसन या तरुणीने 'न्यूबियन स्किन' ही कंपनी काढून तपकिरी छटांचे मोजे विकायला आणले. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मुलींनी फिकट मोज्यावर समाधान मानायचं काही कारण उरलेलं नाही. मनगटाच्या आतल्या बाजूशी नव्हे तर पोटरीशी रंग ताडून पाहावा, कारण मोजा तिथे दिसणार आहे. नेमकी छटा मिळाली नाही तर सरळ काळा घ्यावा. तो प्रत्येक वर्णाला शोभतो.

थंडीचं काय? मोजा स्वतः उष्णता देत नाही. तो शरीराजवळची हवा धरून ठेवतो, आणि जितकी हवा जागच्या जागी थांबेल तितकी ऊब. पंधरा डेनिअरच्या मोज्यात हवा धरायला जागाच नसते, म्हणून तो घालून बर्फात उभं राहणं जवळजवळ उघड्या पायांनी उभं राहण्यासारखंच. शंभरच्या आसपास फरक जाणवायला लागतो. गेल्या काही हिवाळ्यांत आलेली युक्ती मला फार आवडते: बाहेरून तलम काळी वीण आणि आतून त्वचेच्या रंगाचं, लव उठवलेलं उबदार अस्तर. पाहणाऱ्याला वाटतं तलम मोज्यातून त्वचाच दिसते आहे! इथेही छटेचा प्रश्न येतो. आतलं अस्तर आपल्या वर्णाचं असेल तरच डोळा फसतो.

हिवाळ्यात आणखी एक अडचण हमखास येते. ड्रेस मोज्यांना चिकटतो आणि चालताना वर चढतो. कारण विजेचं आहे. नायलॉन घासलं की इलेक्ट्रॉन सहज सोडतं आणि पॉलिस्टर ते पटकन घेतं. टाइट्स नायलॉनच्या, ड्रेसचं अस्तर बहुधा पॉलिस्टरचं, म्हणजे एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण, आणि दोघांची ओढ. दमट मुंबईत हा भार हवेतल्या ओलाव्यामुळे लगेच निघून जातो. हिटर लावलेल्या न्यूयॉर्कच्या घरात हवा कोरडी ठणठणीत, म्हणून तो साचत राहतो. पायांना आधी क्रीम चोळून मग टाइट्स चढवल्या, किंवा अस्तराच्या आतून लोखंडी हँगर एकदा फिरवला, तर ड्रेस सुटा होतो. ड्रेस घेतानाच अस्तर व्हिस्कोसचं पाहून घेतलं तर त्रास मुळातच कमी.

बुटांकडे येऊ. पेन्सिल हीलचा बूट ही सुद्धा नवलाचीच वस्तू. लाकडाची टाच फार बारीक केली तर मोडते. टाचेत धातूची सळई बसवता आली तेव्हाच ती सुईसारखी झाली. १९५४ मध्ये दिओरसाठी बूट घडवणाऱ्या रॉजर व्हिव्हिए यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं, त्यांच्या बरोबरीने इटलीच्या साल्व्हातोरे फेरागामोंचंही. पायाच्या कमानीखाली, तळव्याच्या थरांत लपलेली एक पोलादी पट्टी असते. टाच आणि चवडा यांच्यातला अधांतरी पूल ती पेलते. दुकानात बूट टाच आणि चवडा धरून वाकवून पाहावा. चवड्यापाशी वाकला तर ठीक, मध्ये कमानीत वाकला तर पट्टी कमजोर आहे, ठेवून द्यावा.

आता दाबाचा हिशेब. साठ किलोची बाई चालताना एका क्षणी सगळं वजन एका टाचेवर टाकते. पेन्सिल हीलचं टोक एक चौरस सेंटिमीटर धरलं तर दाब झाला चौरस सेंटिमीटरला साठ किलो. हत्तीचा पाय इतका रुंद असतो की उभ्या हत्तीच्या तळव्याखाली चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच भार येतो. ग्रीसमध्ये २००९ पासून प्राचीन वास्तूंमध्ये उंच टाचांच्या बुटांना मनाई आहे ती उगाच नाही. दोन हजार वर्षं टिकलेला संगमरवर त्या टोकांनी खड्डे पडून झिजू लागला होता.

हेच टोक बर्फावर काय करेल? बर्फाचा सर्वांत वरचा थर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा सैल असतो, हे मायकेल फॅरडेने १८५० मध्येच सुचवलं होतं. त्या निसरड्यावर गुळगुळीत चामड्याचा तळ आणि एवढंसं टोक म्हणजे घोटा मुरगळण्याची हमी. शिवाय रस्त्यांवर टाकलेलं मीठ चामड्यावर पांढरे डाग पाडतं. न्यूयॉर्कच्या बायका यावर साधा तोडगा काढतात. रबरी तळाचे बूट घालून येतात, पार्टीचे बूट पिशवीत आणतात आणि कोट ठेवायच्या खोलीत बदलतात. कुणी त्याकडे वळूनही पाहत नाही. तुम्हीही तेच करा. मग मखमली किंवा स्वेड चामड्याचे बूट घ्यायलाही हरकत नाही. मखमलीची उभी लव प्रकाश आत ओढून घेते, म्हणून तिचा काळा रंग सर्वांत गर्द दिसतो, पण ओल लागली की ती लव बसते. बाहेर थोडं चालावं लागणार असेल तर चकचकीत पेटंट लेदर बरं. वरच्या लेपामुळे पाणी आत जात नाही आणि ओल्या फडक्याने मीठ पुसलं जातं. अमेरिकेत हे चामडं १८१९ च्या सुमारास सेथ बॉयडन यांनी न्यू जर्सीतल्या नेवार्कला बनवायला घेतलं. आज तिथून मोटारीने थोड्याच अंतरावर, एडिसनमध्ये, आपल्या माणसांची भरगच्च वस्ती आहे.

त्या वस्तीतल्या पार्टीचा विचार वेगळा करावा लागतो. आपल्या घरांत पादत्राणं दारातच काढतात, मग ते दार कोथरूडचं असो की एडिसनचं. तिथे ३१ डिसेंबरची पार्टी असेल तर महागडे बूट उंबऱ्यापाशी राहतात आणि रात्रभर दिसतात ते मोज्यांचे पंजे. अशा घरी जाताना चवड्यापर्यंत एकसारखी वीण असलेला मोजा हवा. जाड टोकाचा पट्टा तिथे उघडा पडतो. फरशी थंड असते आणि नायलॉन गुळगुळीत, म्हणून साठ-ऐंशी डेनिअरच्या खाली जाऊ नये. टाइट्सच्या आत पातळ सुती मोजा घालायला लाजू नये.

मला एकच जोडी निवडायला सांगितली तर मी साठ डेनिअरच्या बिनचमकीच्या काळ्या टाइट्स आणि पाच सेंटिमीटरच्या जाड टाचेचे काळे मखमली बूट निवडेन. टाच जितकी उंच तितका भार चवड्यावर सरकतो, आणि पार्टीत माणूस बसतो कमी, उभा जास्त राहतो. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि घेताना जे मोजे घालणार तेच घालून पाहा. टाइट्स चढवताना अंगठी काढून ठेवा, पायाची नखं घासून घ्या, मोजा चवड्यापर्यंत गोळा करून मग हळूहळू वर सरकवा. पर्समध्ये दुसरा जोड असू द्या. त्याचं ओझं होणार नाही.